चौथी कसोटी

४ फेब्रुवारी

ही वही छापखान्यातली. नवीन पुस्तक किती जाड होईल ते बघायला कोऱ्या कागदांची एक प्रत बांधतात, त्यातली. आत काही नाही, नुसती जाडी. माझ्या सध्याच्या दिवसांसारखी.

टिंबूला जाऊन आज अकरा दिवस झाले. जन्मली तेव्हा एवढीशी होती, अनुस्वारासारखी, म्हणून टिंबू. आता वीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, आणि प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून ‘अंगण’ नावाच्या लोकांत राहायला गेली आहे. ते स्वतःला कुटुंब म्हणवतात. मधोमध एक भाऊ, भोवती तीसेक माणसं, हातात आमचंच पवित्र शास्त्र.

चिठ्ठी उशीखाली नव्हती, टेबलावर पेपरवेटखाली होती. ‘आई, मी अंगणात राहायला जाते आहे. काळजी करू नकोस. शोधायला येऊ नकोस. मी आनंदात आहे.’ चार वाक्यं, चार पूर्णविराम, एक स्वल्पविराम. एकही चूक नाही. हात थरथरला असता तर निदान एखादी मात्रा तरी सुटली असती.

मला धक्का बसला असं ताईला सांगितलं. खरं तर अंगणाचं नाव टिंबूच्या वहीत सप्टेंबरपासून येत होतं. तिच्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. एकट्या आईकडे असावीच. वाचत होते, पण बोलले नाही. बोलले असते तर वाचते हे तिला कळलं असतं.

९ फेब्रुवारी

चर्चमधल्या उपासनेनंतर आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांकडे गेले. बायको आत भांडी आवरत होती, ते खुर्चीत चष्मा पुसत होते.

“रडून काही होत नाही, बाई,” ते म्हणाले. “तुम्हाला ते वाईट वाटतात म्हणून ते वाईट ठरत नाहीत. वचनाच्या फूटपट्टीनं मोजा. खरा कळप कोणता आणि मोडका-तोडका पंथ कोणता, शास्त्रच सांगेल.”

मग म्हणाले की असे गट हल्ली फार वाढलेत, मंडळीसाठी एक पुस्तिका हवीच होती. नाव त्यांचं जाईल, पण वचनं मी शोधायची, कसोट्या मी मांडायच्या. “बावीस वर्षं प्रुफं तपासताय. लोकांच्या चुका काढण्यात तुमचा हात कोण धरणार?”

स्तुतीच होती ती. घरी येताना पहिल्यांदा पाय जमिनीला लागले.

१२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत छापखान्यातच बसून काम करते. कसोट्या सात झाल्या.

पहिली, अनुवाद अठरा, म्हणजे जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा अठरावा अध्याय: संदेष्ट्यानं देवाच्या नावानं सांगितलेलं घडलं का? नाही घडलं तर तो देवाचा नव्हे. दुसरी, पेत्राच्या पत्रातून: पुढारी कळपावर धनीपण गाजवतो का? तिसरी, मत्तय तेवीस: जड ओझी बांधून दुसऱ्यांच्या खांद्यांवर ठेवतो का? चौथी, बिरुया गावच्या लोकांची. प्रेषितानं सांगितलं तेसुद्धा ते रोज शास्त्र उघडून पडताळायचे, आणि शास्त्र त्यांचं कौतुक करतं. तेव्हा, पडताळणाऱ्याला तिथे मान मिळतो की बाहेरची वाट? पाचवी: देवाचं नाव सांगून आईबापांपासून तोडतात का? सहावी: कामं उजेडात करतात की चोरून? सातवी, फळांची: तिथे राहून माणसं कशी झाली?

पाचवी लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

असं काम खरं तर दोघींचं. टिंबू सात वर्षांची असल्यापासून मला मूळ प्रत वाचून दाखवायची, विरामचिन्हांसकट, आणि मी प्रुफावर पेन्सिल फिरवायचे. तिचे बाबा गेल्यानंतरच्या कित्येक संध्याकाळी आम्ही अशाच काढल्या, दुसऱ्यांची वाक्यं वाचत. मग ती बोलायलाही तशीच लागली. “आई, स्वल्पविराम, भूक लागली, उद्गारचिन्ह.” शाळेत बाई ओरडल्या की घरी येऊन म्हणायची, “आजचा दिवस कंसात टाक.”

१६ फेब्रुवारी

अंगणात जाऊन आले. जाऊ नकोस म्हणाली होती, पण मोजायचं तर जवळ जावंच लागतं.

अंगण म्हणजे अंगण नाहीच. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरचा मजला. जिना अरुंद, कठडा एका बाजूनं सुटलेला. दाराशी चपला-बुटांची रांग, पट्टीनं आखल्यासारखी. शेजारी एक टोपली, तिच्यात सगळ्यांचे फोन. मनात दुसऱ्या कसोटीपुढे खूण केली.

भाऊंच्या डोळ्यांत काहीतरी असेल असं वाटलं होतं. काही नव्हतं. सर्दी होती. स्वतः उठून त्यांनी मला पाणी दिलं. कोपऱ्यात खुर्चीत एक शिवणवाली बाई होती, कंबर गेलेली, मांडीवर चादर. भाऊ तिच्याजवळ वाकून म्हणाले, “एकतीस मार्चला तुम्ही हा जिना आपल्या पायांनी उतरणार. मला तसं सांगितलं गेलंय.” सगळे “हो” म्हणाले. बाईही म्हणाली, जरा उशिरा. मी तारीख टिपून घेतली. कसोटी पहिली.

टिंबूनं केस कापलेत. तिला तिथे नवं नाव दिलंय. ते मी इथे लिहिणार नाही. तिच्या शेजारी एक मुलगी सारखी चिकटून, तिला ‘सोबतीण’ म्हणतात.

“केस का कापलेस?”

“उकडत होतं.”

“फेब्रुवारीत?”

सोबतिणीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आई, तिला आनंदात राहू द्या ना.”

“मी तुमची आई नाही,” मी म्हटलं. मग टिंबूला, “फोन काढून घेतात तुझा. दिसत नाही तुला?”

“सगळ्यांसमोर टोपलीत ठेवते. कुणी उघडत नाही.” मग खाली बघत, अगदी हळू, “इथे माझी वही कुणी वाचत नाही, आई.”

सोबतीण ऐकत होती, म्हणून मी पदर सावरला आणि उठले. उद्धट उत्तर. तिची भाषाच नव्हे ही. कुणीतरी पढवलंय.

निघताना मात्र दारापर्यंत आली. “सांभाळून उतर, जिना वाईट आहे, उद्गारचिन्ह.”

रस्त्यावर आल्यावर बसथांबा कुठल्या बाजूला ते मला आठवेना.

१७ फेब्रुवारी

सातपैकी सहांत नापास. पहिलीचा निकाल एकतीस मार्चला, पण तो मी आत्ताच धरलाय. सहावीचं अजून कळलं नाही. चोरून काय करतात ते सापडलं नाही. सापडेल.

२४ फेब्रुवारी

ताई आली होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, इस्पितळात परिचारिका, रुग्णांशी गोड आणि घरच्यांशी कडू. कसोट्यांचा कागद तिनं उभ्यानंच वाचला. सहावीपाशी थांबली.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“बरं.” कागद टेबलावर ठेवला. “छान आहे गं फूटपट्टी. एकदा घरातही लावून बघ.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. चहात साखर जास्त झालीय.”

तिला मूल नाही, तिला काय सांगायचं? हे लिहिलं आणि वाईट वाटलं. खोडत नाही, वहीच आहे.

२ मार्च

पाळकसाहेबांनी मजकूर वाचला, खूश झाले. फक्त चौथ्या कसोटीवर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारली.

“ही नको.”

“का?”

“आपल्यातल्या साध्या लोकांचा गोंधळ होईल. जो तो उठून पडताळत बसला तर उपासना कधी व्हायची?” आणि हसले. मीही हसले.

कशामुळे काढली ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी प्रवचनात एक वाक्य वचन म्हणून सांगितलं. आमचे पेटीवाले मास्तर, गाणाऱ्यांना शिकवायचे ते, जागेवर उभे राहिले आणि पान उघडून म्हणाले, “साहेब, हे इथे नाहीये.” एवढंच. पुढच्या आठवड्यात सभा भरली. मास्तरांनी वर्षभर पेटीला हात लावायचा नाही, शेवटच्या बाकावर बसायचं. मान्य असेल त्यांनी हात वर करा. मी पहिल्या रांगेत बसते. हात खाली राहिला असता तर दिसला असता.

ते वाक्य मी त्याच दिवशी घरी येऊन शोधलं होतं. नव्हतंच. पण काळवेळ असते ना बोलायची.

मास्तर दोन रविवार शेवटच्या बाकावर बसले, मग यायचे थांबले. टिंबूचं गाणंही तेव्हाच सुटलं. वयच तसं होतं तिचं.

चौथी काढली. प्रुफं तपासणाऱ्यानं मजकूर बदलायचा नसतो, हे मी टिंबूलाही शिकवलंय. लिहिणाऱ्याचं मत पटो न पटो, आपण अक्षरं बघायची.

९ मार्च

पुस्तिका छापून झाली. सोळा पानं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘खोटा कळप ओळखण्याच्या सात कसोट्या’, खाली पाळकसाहेबांचं नाव. देखणी झाली आहे.

शेवटचं प्रूफ घाईत गेलं. एरवी मी एकदा उलटं वाचते, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. सरळ वाचताना डोळा अर्थामागे धावतो आणि अक्षरं निसटतात. उलटं वाचलं की अर्थ उरत नाही, फक्त चुका दिसतात. या वेळी ते राहिलं. पण मजकूर माझाच. पाठ होता.

१२ मार्च

एक प्रत टिंबूला पाठवली. माझ्या हातचा, सात कसोट्यांचा कागद सोबत दिला नाही, नुसती पुस्तिका. आत चिठ्ठी: ‘टिंबू, एकदा वाच. मग तुला वाटेल ते कर.’

हे दुसरं वाक्य खोटं आहे. पण शुद्ध आहे.

१ एप्रिल

दुपारी छापखान्यात ताईचा फोन. “टिंबू माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. येऊ नकोस, ऐक आधी.”

काल अंगणात सगळे जमले. शिवणवाल्या बाईला दोघांनी उभं केलं, जिन्याच्या तोंडाशी आणलं. भाऊंनी प्रार्थना केली. बाई एक पायरी उतरल्या आणि कोसळल्या. कठडा त्याच बाजूनं सुटलेला. त्या खाली कण्हत असताना भाऊ वरून म्हणाले की देवाचा शब्द चुकत नाही, इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे, तिनं घात केला. कुणाच्या आहे?

“आणि तुझ्या लेकीनं हात वर केला,” ताई म्हणाली. “‘माझ्या’ म्हणाली. खाली उतरली, बाईंना धरून बसली, मला फोन करायला टोपलीतून फोन घेतला. सोबतीण की कोण ती अडवायला आली, तर म्हणे, ‘अनुवाद अठरा वाचा.’ बाईंचा खुबा मोडलाय. आमच्याकडेच भरती आहेत.”

मी यंत्राच्या आवाजात रडले, तिथे कुणाला ऐकू जात नाही.

चालली! माझी फूटपट्टी चालली.

२ एप्रिल

पाळकसाहेबांना सांगितलं. येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायची म्हणाले, मायलेकी दोघींनी. टिंबूची खोली झाडली. चादर बदलली. कपाट नुसतं पुसलं.

६ एप्रिल

साक्षीला गेले नाही. ताईकडे गेले.

टिंबू तिथे नव्हती. सकाळीच दुसऱ्या गावी गेली. तिथल्या प्रयोगशाळेत काम मिळालंय, राहिलेलं वर्ष तिथूनच पुरं करणार.

“मला न भेटता?”

“भेटायचं नाही म्हणाली. मी हजार वेळा सांगून बघितलं,” ताई म्हणाली. आवाज नेहमीसारखा कडू नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. “हे ठेवून गेलीय तुझ्यासाठी. बस. चहा टाकते.”

पुस्तिका होती, मी पाठवलेली. लाल पेनानं तपासलेली. खुणा सगळ्या मी शिकवलेल्या, समासात, नीट, रेघ ओळीला न चिकटवता.

मुखपृष्ठावर ‘सात’ला गोल: ‘आत सहाच आहेत. मोजून बघ.’

मी मोजल्या. एक, दोन, तीन, पाच. चौथी काढली आणि आकडे तसेच राहिले. माझ्या डोळ्यांसमोर.

पहिलीपुढे: ‘बरोबर. अंगण नापास. याबद्दल थँक्यू, आई.’ दुसरी, तिसरी, पाचवीपुढेही तसंच, अंगण नापास. सातवीपुढे: ‘बाई चांगल्या होत्या. बाकीचेही वाईट नव्हते. घाबरलेले होते.’

तिसरी आणि पाचवीच्या मधल्या कोऱ्या जागेत, बारीक अक्षरांत: ‘इथे बिरुया हवं. मीही तेच शास्त्र वाचते. यासाठीच मास्तरांना मागे बसवलं. तेव्हा मी गाणाऱ्यांच्या बाकावर होते. तिथून पहिल्या रांगेतले हात दिसतात.’

सहावीपुढे फक्त दोन शब्द. ‘कपाटाची किल्ली.’

आणि पान नऊ, ओळ चार. मी लिहिलं होतं, ‘देव प्रेमापोटी मंडळीवर पाळक ठेवतो.’ छापलंय, ‘देव प्रेमापोटी मंडळीवर पाळत ठेवतो.’ कळफलकावर क आणि त शेजारी शेजारी आहेत. वाक्य बिनचूक वाचलं जातं, म्हणूनच निसटलं. टिंबूनं ‘त’ खोडला नव्हता. त्याच्याखाली टिंबांची ओळ दिली होती. आमच्या कामात त्याचा अर्थ, असू द्या, बदलू नका. समासात: ‘ही चूक आहे का, ते तूच ठरव.’

ताईनं चहा आणला. साखर कमी की जास्त ते न बघता मी प्याले.

७ एप्रिल

लिहिणार नव्हते. पण वही कुणी वाचणार नाही, म्हणून.

मी तिला मारलं नाही कधी. उपाशी ठेवलं नाही. वही वाचली ती तिला जपायला. भाऊंची आणि माझी एका कागदावर तुलना करते? त्यांना तिचं काय? मला तिच्याशिवाय कोण आहे?

शेवटचं वाक्य वाचून पाहिलं. सरळ. उलटं नाही वाचलं.

८ एप्रिल

पाळकसाहेबांना चुका दाखवल्या. म्हणाले, “आकडा कोण मोजतंय, बाई? आणि ‘पाळत’ काय, कुणाच्या लक्षातही येणार नाही.” मग विचारलं, चौथीच्या जागी हे कुणी लिहिलं.

मी म्हटलं, माहीत नाही.

येताना मास्तरांच्या गल्लीवरून आले. खिडकी उघडी होती, पेटी वाजत नव्हती. दारापर्यंत गेले आणि चप्पल तुटल्यासारखं करून वाकले, मग परत फिरले.

२० एप्रिल

टिंबूचा फोन. ताईच्या मध्यस्थीनं, रविवारी, दुपारी चारला, ठरवून. मी तीनपासून फोनजवळ बसले होते.

“आई, मी एक लिहिलंय. मूळ प्रत मी वाचते. तू फक्त ऐकायचं. मजकूर बदलायचा नाही.”

“बरं.”

तिनं वाचलं. पूर्वीच्याच आवाजात, एका सुरात, प्रत्येक चिन्ह उच्चारत.

“आई, स्वल्पविराम, मी आता तिकडे राहायला येणार नाही, पूर्णविराम. पाळकसाहेबांच्या मंडळीतही येणार नाही, पूर्णविराम. शास्त्र माझ्याजवळ आहे, अर्धविराम, मी रोज वाचते, पूर्णविराम. सगळ्याची पारख करा म्हटलंय तसंच चांगलं ते धरून ठेवा असंही म्हटलंय, पूर्णविराम. आपण दोघी संध्याकाळी वाचत बसायचो, स्वल्पविराम, ते मी धरून ठेवलंय, पूर्णविराम. माझा पत्ता शोधू नकोस, पूर्णविराम. महिन्यातून एकदा, स्वल्पविराम, रविवारी चार वाजता, स्वल्पविराम, मीच फोन करीन, पूर्णविराम. शोधलास तर तोही करणार नाही, पूर्णविराम. परिच्छेद संपला.”

मी म्हटलं, “पहिल्या वाक्यात ‘सध्या’ घालशील? ‘मी सध्या येणार नाही.’ एकच शब्द.”

“आई. मजकूर.”

“बरं.”

मग ती म्हणाली, “जेवलीस का?”

“प्रश्नचिन्ह म्हणाली नाहीस.”

हसली. खरंच हसली, मी ऐकलं. मग फोन ठेवला.

२१ एप्रिल

कपाटाची दुसरी किल्ली ताईकडे नेऊन दिली. “हे आता कशाला? कपाट रिकामं आहे,” ती म्हणाली. पण घेतली. मला हलकं वाटलं. बदलता येतं माणसाला.

२ मे

पत्ता माझ्याकडे आहे. शोधला नाही. सहा एप्रिलला ताई चहा टाकायला आत गेली तेव्हा तिची पत्त्यांची वही टेबलावरच होती, उघडीच म्हणायची, आणि मी तो या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला. टिंबूनं शोधू नकोस म्हटलं ते नंतर, वीस तारखेला. त्यामुळे तिचं मी मोडलेलं नाही.

उद्या शनिवार, छापखान्याला सुट्टी आहे. सकाळच्या बसनं तीन तास. तिच्या प्रयोगशाळेसमोर बाकं असलेला थांबा आहे, असं नकाशात दिसतं. मी आत जाणार नाही. हाक मारणार नाही. केस वाढलेत का तेवढं बघेन आणि परत येईन. तिला कळणारसुद्धा नाही.

दुरून बघण्याला पाळत म्हणत नाहीत.

ही ओळ मी तीनदा तपासली, एकदा उलटीही वाचली. चूक सापडत नाही.